अरण्याचा धनी कोण?
गडचिरोली जिल्ह्याचा पाठ

महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवून पूर्वेच्या अगदीं टोंकाकडे पाहा. तेथें गडचिरोली जिल्हा आहे. ज्या जिल्ह्यांत अरण्य एवढें विपुल, तेथील रहिवासी इतके दिवस दरिद्री कां राहिले, हें आज आपण पाहूं.

१. स्थळ. ह्या जिल्ह्याच्या पूर्वेस छत्तीसगड व दक्षिणेस तेलंगण आहे. पश्चिमेकडून वैनगंगा वाहते. चपराळ्याजवळ तिचा वर्धेशीं संगम होतो, व पुढें तिला प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंच्यापाशीं गोदावरीस मिळते. पूर्वेकडून येणारी इंद्रावतीही सोमनूर येथें तिलाच मिळते. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याच्या सुमारें तीन चतुर्थांश भागावर अरण्य आहे. २०११ च्या शिरगणतींत लोकसंख्या १०,७२,९४२ भरली. गोंड व माडिया हे येथील जुने रहिवासी होत. मराठीखेरीज गोंडी, माडिया, तेलुगु, छत्तीसगडी व बंगाली ह्या भाषाही येथें कानीं पडतात.

२. इतिहास. पूर्वीं येथें चांद्याच्या गोंड राजांचा अंमल होता. पुढें नागपूरकर भोसल्यांचा झाला. १८५४ त नागपूरचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें. १८५८ त बाबुराव शेडमाके ह्या तरुण गोंड जमीनदारानें त्यांच्याविरुद्ध शस्त्र उचललें, व त्याच वर्षीं २१ ऑक्टोबरला त्यास चांदा येथें फांशी देण्यांत आलें. नंतर १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव जंगलें ठरविण्याचा अधिकार सरकारास मिळाला. वाडवडिलांपासून जेथून लांकूडफाटा आणला, तेथें रानांतला मनुष्य परका झाला. स्वराज्य आलें तरी ही रीत पुष्कळ दिवस टिकली. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून निराळा होऊन हा जिल्हा झाला.

३. निर्वाह. मुख्य पीक भाताचें. तें पावसावर व तळीं-बोड्यांवर अवलंबून असतें. उन्हाळ्यांत मोहाचीं फुलें वेंचतात, व मे महिन्यांत तेंदूचीं पानें तोडून त्यांचे पुडे बांधतात. बांबू व सागवान ही तर मोठीच संपत्ति. एटापल्ली तालुक्यांत सुरजागडच्या डोंगरांत लोखंडाची खनिज मातीही आहे. परंतु कित्येक वर्षें हा माल बाहेर गेला, नफा ठेकेदारास मिळाला, आणि तोडणाऱ्याच्या हातीं केवळ मजुरी उरली. रानाच्या मालावर त्याचा हक्क नव्हता, हेंच ह्या दारिद्र्याचें एक मोठें कारण होय.

४. नवा कायदा. २००६ सालीं वनहक्क कायदा झाला. वनवासी लोकांवर पूर्वीं अन्याय झाला, असें त्याच्या प्रस्तावनेंतच कबूल केलें आहे. बांबू व तेंदू ह्यांस त्यानें गौण वनोपजांत गणिलें, व त्यांवरील मालकी तेथील लोकांस दिली. दावा ग्रामसभेनें करावयाचा असतो. सभेस निम्मे सभासद हजर पाहिजेत, व हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश स्त्रिया पाहिजेत. कागदपत्र जपून ठेवलेले नसले तरी निराश होऊं नये. वृद्धांची लेखी जबानीही एक पुरावा धरली जाते.

धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या लहानशा गोंड गांवाचें उदाहरण घ्या. तेथील लोकांनीं अभ्यासगट करून कायदे समजून घेतले, आणि सर्वांचें एकमत झाल्यावांचून निर्णय करावयाचा नाहीं, असा नेम ठेवला. २००९ त त्यांस सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीच्या परवान्यासाठीं त्यांस आणखी झगडावें लागलें. तो अधिकार २०११ त हातीं आला. हक्क कागदावर मिळणें निराळें व हातीं येणें निराळें, हें आम्हांस येथें दिसतें.

जो समाज वाचतो व एकत्र बसून विचार करितो, त्यास फसविणें कठीण असतें. म्हणून ज्यास वाचतां येतें त्यानें हा पाठ सायंकाळीं चार शेजाऱ्यांस वाचून दाखवावा, व पुढील प्रश्न विचारावे.

प्रश्न: (१) प्राणहिता कोणत्या दोन नद्यांची होते? (२) १८७८ च्या कायद्यानें वनवासी लोकांचें काय नुकसान झालें? (३) आपल्या गांवच्या रानाविषयीं जबानी देऊं शकतील असे वृद्ध कोण आहेत?