मदतनीस पेशी आणि असोद्याची लेक



२०२० सालच्या कोरोनानंतर ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द घरोघरी पोहोचला. कोणी काढा घेतला, कोणी हळदीचे दूध. प्रतिकारशक्ती म्हणजे पहिलवानाच्या अंगातल्या ताकदीसारखे काहीतरी असावे, असा आपला समज असतो. विज्ञान मात्र वेगळे सांगते. ही शक्ती एका कोणाची नसून अनेकांनी मिळून केलेले काम आहे. ते कसे चालते, हे समजण्यासाठी आम्ही आज आपल्याच जिल्ह्यातल्या एका घराचे उदाहरण घेत आहोत.

१. गाठीचा ताप

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे गावोगाव पसरला. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या, महाजनांच्या घरातल्या बहिणाबाई लग्न होऊन जळगावच्या चौधरींकडे आल्या होत्या. त्यांचा मोठा मुलगा ओंकार याला प्लेगने कायमचे अपंगत्व आले. बहिणाबाईंना तिशीच्या सुमारास वैधव्य आले. शेत, घर आणि तीन लेकरे त्यांनी सांभाळली.

या रोगाला जुनी माणसे ‘गाठीचा ताप’ म्हणत. उंदरावरची पिसू माणसाला चावली की प्लेगचे जंतू कातडीखालून जवळच्या लसिकाग्रंथीत शिरतात, आणि जांघेत किंवा काखेत ती ग्रंथी सुजून गाठ येते. ही ग्रंथी म्हणजे जणू शरीराची चावडी. संरक्षण करणाऱ्या पेशी इथेच एकमेकींना भेटतात. प्लेगचा घाला थेट या चावडीवरच पडतो.

२. चावडीवरचे काम

एरवी या चावडीवर काय घडते? काही पेशी गावच्या जागल्यासारख्या अंगभर पहारा करतात. परका जंतू सापडला की त्याला गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि एक तुकडा ओळख पटवण्यासाठी ग्रंथीत घेऊन येतात. तिथे टी पेशी आणि बी पेशी असतात. जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रतिपिंडे बनवण्याचे काम बी पेशींचे. पण बहुतेक वेळा बी पेशी एकटीच्या भरवशावर कामाला लागत नाही. तिने पकडलेला तुकडा ‘मदतनीस’ टी पेशी तपासते. खूण पटली तरच ती बी पेशीला चालना देते. मग बी पेशींची संख्या वाढते, प्रतिपिंडे अधिक नेमकी होत जातात, आणि काही पेशी त्या जंतूची आठवण धरून पुढे वर्षानुवर्षे टिकतात.

ही गोष्ट उलगडली ती १९६० च्या दशकात. अमेरिकेत हेन्री क्लेमन यांच्या गटाने १९६६ साली आणि ऑस्ट्रेलियात जॅक मिलर व ग्रॅहम मिचेल यांनी १९६८ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की दोन्ही प्रकारच्या पेशी एकत्र असल्या तरच काम नीट होते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की मदतनीस पेशी स्वतः एकही प्रतिपिंड बनवत नाही. तरीही ती नसली तर काय होते, हे एड्सने जगाला दाखवले. एचआयव्ही नेमक्या याच पेशी नष्ट करतो आणि बाकीच्या पेशी असूनही संरक्षण कोलमडते. आज नियमित औषधांनी या पेशी वाचवता येतात आणि ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. म्हणून अशा रुग्णाला दूर लोटू नये, त्याला उपचारापर्यंत सोबत करावी.

मदतनीसाचे दुसरे काम थांबवण्याचे. एखादी बी पेशी चुकून आपल्याच शरीराला परके समजली, तर तिला सहसा मदत मिळत नाही आणि ती गप्प होते. हा धाक सुटला की संधिवातासारखे काही आजार जडतात, त्यांत शरीर स्वतःवरच उलटते. म्हणजे खरी मदत ‘हो’ म्हणण्यात असते, तशी वेळेवर ‘नाही’ म्हणण्यातही असते.

३. मुंबईची लस

प्लेगवर लस शोधली वाल्डेमार हाफकिन यांनी, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. जंतू वाढवण्याच्या रश्श्यावर त्यांनी आपल्या ओळखीचे तूप तरंगवले, कारण त्याला धरून जंतू चांगले वाढत. ते जंतू मारून केलेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा आज परळच्या हाफकिन संस्थेच्या रूपाने उभी आहे.

४. ओवीचे मदतनीस

आता पुन्हा चौधरींच्या घरात जाऊ. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, काम करता करता त्या गाणी रचत. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी उतरवून घेतली. सोपानदेव स्वतः कवी होते, तरी आईचे शब्द आईच्याच बोलीत राहिले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. त्यांनी तिचे मोल ओळखले, ती छापण्याचा आग्रह धरला आणि १९५२ साली पुस्तक निघाले. २०१८ पासून आपल्या विद्यापीठालाही बहिणाबाईंचे नाव आहे.

पेशींना मन नसते, माणसाला असते. तेव्हा ही तुलना फार ताणू नये. पण एक साम्य खरे आहे. उतरवून घेणाऱ्याने किंवा छापायला लावणाऱ्याने एकही ओवी रचली नाही. तरी ते नसते, तर त्या ओव्या बहिणाबाईंबरोबरच गेल्या असत्या.

५. आपल्यासाठी

गोवराची पहिली लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे त्याआधीच कमी होऊ लागतात. मधल्या काळात त्या बाळाचे रक्षण कोण करते? आजूबाजूची लस घेतलेली मुले. शेजारच्या मुलाने घेतलेले टोचण पाळण्यातल्या बाळाच्याही उपयोगी पडते, आणि ते बाळाला कधी कळतही नाही.

घरी बोलण्यासाठी:
• आपल्या घरातल्या मुलांच्या लसीकरणाचे कार्ड पूर्ण आहे का? गोवराचा दुसरा डोस राहिला तर नाही ना?
• आजी-आजोबांच्या तोंडच्या कोणत्या ओव्या, म्हणी, गाणी अजून कोणी लिहून ठेवलेली नाहीत? या आठवड्यात त्यांतली एक तरी, त्यांच्याच बोलीत, वहीत उतरवून घ्याल का?