कण्याचे यांत्रिकी

नाशिकची थंडी आणि सबमिशनचा आठवडा एकत्र आला की होस्टेलमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते, "यार, कंबर धरली!" कुणी बाम देतो, कुणी "सरळ एमआरआय काढ" असा सल्ला देतो. आपण इंजिनिअर होणार, तर आधी कंबरेचा फ्री बॉडी डायग्राम काढून पाहू.

मान, पाठ आणि कंबर मिळून कण्यात २४ सुटे मणके असतात. बहुतेक मणक्यांच्या मध्ये चकती (डिस्क) असते. बाहेर चिवट तंतूंचे वेष्टण, आत जेलीसारखा गर. हा आपला शॉक अब्सॉर्बर. आता २० लिटरची भरलेली बादली कंबरेतून वाकून उचला. बादली मणक्यापासून समजा ४० सें.मी. पुढे आहे आणि पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम ५ सें.मी. वर. मोमेंट घेतले तर नुसत्या पाण्यासाठी स्नायूंना १६० किलोंइतका जोर लावावा लागतो. धडाचे वजन तर अजून धरलेलेच नाही! हा सगळा दाब चकतीवर येतो. बादली अंगाजवळ, २० सें.मी. वर आणली की आकडा निम्मा होतो.

वेष्टण फाटून गर मागे सरकला आणि मज्जातंतूच्या मुळावर दाब आला, की कळ पायात उतरते. हीच सायटिका.

मग एमआरआय काढला की निदान झाले? इथेच खरी गंमत आहे. १९९० साली अमेरिकेत डॉ. बोडेन व सहकाऱ्यांनी कंबरदुखीचा त्रास कधीच न झालेल्या ६७ जणांचे एमआरआय तपासले. साठीच्या आतल्या २० टक्के लोकांत चकती सरकलेली दिसली! २० ते ३९ वयाच्या ३५ टक्के लोकांची एक तरी चकती झिजलेली वा फुगलेली होती. म्हणजे चित्रातला दोष हेच दुखण्याचे कारण असेल असे नाही. म्हणून डॉक्टर आधी पाय सरळ उचलून बघतात, ताकद, संवेदना आणि रिफ्लेक्स तपासतात. तक्रार, तपासणी आणि चित्र तिन्ही एकाच मज्जातंतूकडे बोट दाखवत असतील, तरच निदान पक्के.

सायटिकाचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरे होतात. पण मणकाच जागचा सरकत असेल, तर काही रुग्णांना 'पीलिफ' शस्त्रक्रिया लागते. पाठीमागून जाऊन चकती काढायची आणि मणक्यांच्या मध्ये हाडाचा तुकडा बसवून दोन्ही मणके जोडायचे. १९४० च्या दशकात डॉ. क्लोवर्ड यांनी ही पद्धत विकसित केली. भारतात ती रुजवण्यात मोठा वाटा आहे मूळ गोव्याचे, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला शिकून मुंबईत काम केलेले न्यूरोसर्जन डॉ. प्रेमानंद रामाणी यांचा. यांत्रिकीच्या नजरेने पाहिले तर ही रचना सुरेख आहे. भार येतो तिथेच आधार, आणि दाबाखाली हाड चांगले जुळते. किंमतही आहे. तो सांधा पुन्हा हलत नाही, त्यामुळे शेजारच्या चकत्यांवर ताण वाढू शकतो.

तेव्हा रिपोर्ट वाचून घाबरू नका आणि अंथरुणाला खिळून राहू नका; जमेल तसे चालत राहा. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर सबमिशन राहू द्या, त्याच रात्री दवाखाना गाठा. दुखण्याबरोबर ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर मणक्याच्या क्षयरोगाची शंका घेऊन लवकर तपासून घ्या. लाजेने किंवा परीक्षेच्या भीतीने गेलेले तास कधीकधी परत मिळत नाहीत.