अंगावरून वारे जाणे : मंडळीसाठी एक धडा

वाचावयाचे शास्त्रपाठ : मार्क २:१–१२, योहान ९:१–३

एखाद्याचे तोंड अचानक वाकडे झाले अथवा एक हात लुळा पडला, म्हणजे आमच्या कोकणात "अंगावरून वारे गेले" असे म्हणतात. ह्या बोलण्यातच एक चूक लपलेली आहे. वाऱ्यापुढे मनुष्याचे काय चालणार, असे समजून घरची माणसे रोग्यास निजवितात व तेल चोळतात. कोणी भगताकडे धाव घेतो. आणि ख्रिस्ती घरी आम्हां उपदेशकांस प्रार्थनेसाठी बोलावणे येते. इतक्यात उपचाराची वेळ निघून जाते. यास्तव ह्या रोगाविषयी आज आपण शिकू या.

प्रथम आम्ही आपलीच चूक सांगतो. ह्या जिल्ह्यातील एका खेड्यात आमचे एक सहकारी, वय सुमारे अठ्ठेचाळीस, संध्याकाळच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचीत असता त्यांची जीभ अडखळली व हातातले पुस्तक खाली पडले. आम्ही सर्वांनी गुडघे टेकले. दहा मिनिटांत त्यांची वाचा परत आली. आम्ही देवाचे उपकार मानले आणि आपापल्या घरी गेलो. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांची उजवी बाजू गेली. उजाडू द्यावे, असे म्हणत घरच्यांनी वाट पाहिली, आणि ते इस्पितळात पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. स्कॅनमध्ये मेंदूत एक ताजी इजा दिसली. तिच्याबरोबर दोन जुने लहान डागही दिसले, ज्यांची त्यांस कधी जाणीव झाली नव्हती. ते जगले, परंतु आज ते डाव्या हाताने जेवतात, आणि दोनतीन शब्दच कष्टाने बोलतात. आम्ही उपकार मानले हे योग्यच होते. पण उपकार मानून त्यांस त्याच रात्री इस्पितळात नेले नाही, हा आमचा दोष होय.

१. हा रोग काय आहे?

हा रोग वाऱ्याचा नव्हे, मेंदूतील रक्तवाहिन्यांचा आहे. बहुतेक रोग्यांत रक्ताची गुठळी वाहिनीत अडकून रक्त बंद होते. काहींत वाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. मोठी वाहिनी बंद पडली असता दर मिनिटास सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशेब २००६ साली प्रसिद्ध झाला. कधी गुठळी आपोआप विरघळते व रोगी काही मिनिटांत पूर्ववत होतो. हे बरे होणे नव्हे, ही सूचना होय. कारण मोठा झटका पुढील काही दिवसांतच येण्याचे भय असते.

हा केवळ शहरातील रोग आहे असे कोणी समजू नये. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ह्या संस्थेच्या डॉक्टरांनी २०११ ते २०१३ ह्या काळात ८६ खेड्यांतील मृत्यूंची चौकशी केली. १५९९ मृत्यूंपैकी २२९ ह्याच रोगाने झाले होते. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतके झाले नव्हते. त्यांपैकी शंभरात सुमारे ८७ जण घरीच वारले.

२. तो कसा ओळखावा?

रोग्यास हसावयास सांगावे. ओठाची एक बाजू खाली ओघळते काय? दोन्ही हात समोर उचलून धरावयास सांगावे. एक हात खाली येतो काय? एक साधे वाक्य म्हणवून घ्यावे; बोलणे अडखळते काय? ह्यांपैकी एकही चिन्ह अचानक दिसले, अथवा एकाएकी दृष्टी गेली, तोल गेला किंवा कधी नव्हे अशी तीव्र डोकेदुखी झाली, तर तोच रोग समजून निघावे.

३. काय करावे?

१०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रोगी शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ कागदावर लिहून बरोबर न्यावी. त्यास कुशीवर निजवावे. तोंडात पाणी, अन्न वा औषध घालू नये, कारण गिळता न आल्यास ते श्वासनलिकेत जाते. कबुतराचे रक्त चोळणे, डाग देणे, हे सर्व व्यर्थ आहे. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तथापि मोठ्या वाहिनीतील गुठळी काही रोग्यांत त्यानंतरही काढता येते. म्हणून उशीर झाला तरी घरी ठेवू नये.

राजापूर, लांजे, संगमेश्वर येथील खेड्यांतून रत्नागिरीस येण्यातच वेळ जातो, आणि कोल्हापुरास जावयाचे तर आंबा घाट चढावा लागतो. यास्तव प्रत्येक उपदेशकाने आजच विचारून ठेवावे की, सर्वांत जवळचा स्कॅन कोठे आहे व तो रात्री होतो काय.

४. स्कॅनचा अर्थ

गुठळी आहे की रक्तस्राव, हे चेहरा पाहून डॉक्टरांसही निश्चित कळत नाही. ते स्कॅन दाखवितो. एकाचे औषध दुसऱ्यास घातक होईल, म्हणून स्कॅनपूर्वी ॲस्पिरिन देऊ नये. गुठळी असूनही पहिल्या तासांत सी.टी. स्कॅन निर्दोष दिसू शकतो. तेवढ्यावरून रोग नाही असे म्हणून परतू नये.

कधी दुसऱ्याच कारणाने काढलेल्या स्कॅनमध्ये जुना डाग आढळतो. अहवालात 'इन्फार्क्ट' शब्द असल्यास, रक्ताअभावी मेलेला लहानसा भाग, असा त्याचा अर्थ. पुष्कळांस तो वाचून मृत्यूचा हुकूमच आला असे वाटते. हॉलंडमधील रॉटरडॅम येथे २००० लोकांचे, ज्यांचे सरासरी वय ६३ होते, मेंदूचे स्कॅन काढले; २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार शंभरात सुमारे सात जणांत असे मूक डाग निघाले. तेव्हा घाबरू नये. पण कागद पेटीत ठेवून विसरूही नये. पुढे झटका येण्याचा संभव अशा मनुष्यास अधिक असतो, म्हणून डॉक्टरांस विचारून कारण शोधावे.

५. चाळिशीनंतर

सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब, आणि तो दुखत नाही. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर तपासावी. रक्तदाब वारंवार १४०/९० च्या वर आढळला तर औषध सुरू करण्याविषयी डॉक्टरांस विचारावे, आणि बरे वाटते म्हणून आपल्या मनाने ते सोडू नये. तंबाखू, विडी, मशेरी व दारू वर्ज्य करावी. सुकी मासळी, लोणचे, पापड ह्यांतील मीठ कमी करावे.

६. शास्त्र काय शिकविते?

जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे? प्रभूने ते मनुष्यावर वा त्याच्या आईबापांवर लादले नाही. आपणही रोग्याच्या घरी पाप शोधीत बसू नये. आणि कफर्णहूमातील ते चौघे पाहा. त्यांनी पक्षघाती मित्रास बाजेसह उचलले, वाट मिळेना तेव्हा छप्पर उघडले. आणि प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला असे मार्क लिहितो. त्यांचे वाहून नेणे हाच त्यांचा विश्वास होता. आपणही प्रार्थना करावी, पण गाडीत बसून, वाटेने.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. दहा मिनिटांत बरा झालेला रोगी इस्पितळात का न्यावा?
२. आपल्या गावी रात्री असे झाले, तर ते चौघे कोण होतील? त्यांची नावे आजच ठरवा.
३. मंडळीतील चाळिशीपुढील किती जणांचा रक्तदाब ह्या वर्षी तपासला गेला?