चि. निखिलला, टायरमधल्या जेलविषयी

दीपनगर, ता. भुसावळ
आखाजीनंतरचा रविवार



फोनवर तू विचारलंस, "मामा, दोन्ही चाकांत जेल टाकून घेऊ का?" मी म्हटलं, घाई करू नको, लिहून पाठवतो. तू हसलास. हस बापा. पण एकदा टाका, पुन्हा पंक्चरचं नाव निघायचं नाही, असं गॅरेजवाला सांगतो तेव्हा तो आपली बाटली खपवत असतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, धंदाच आहे त्याचा. गाडीवर बसायचं मात्र तुला आहे.

माझं मत आधीच सांगतो. मागच्या चाकात टाक. पुढच्यात आत्ता नको. आणि टाकल्यावरही पंक्चरवाल्याकडे जावं लागणार आहे, हे धरून चाल.

पुढच्यात का नको, ते ऐक. आखाजीला तू मांडे खाऊन आडवा झालास, तेव्हा मी अंगणात तुझी गाडी न्याहाळत होतो. दोन्ही चाकं अलॉयची, दोन्ही टायरांच्या बाजूवर इंग्रजीत ट्यूबलेस असं उठवलेलं. मागच्या चाकात हवा भरायची नळी रबराची, रिममधून सरळ वर आलेली. पुढची मात्र धातूची, आटे पाडलेली, बुडाशी नट कसलेला. म्हणजे आत ट्यूब आहे. ज्याच्याकडून तू गाडी घेतलीस त्याने कुठल्यातरी खड्ड्यात रिम ठोकली असणार. रिमची कड वाकली की ट्यूबलेस टायर तिथे नीट बसत नाही, हवा रोज थोडी थोडी जाते, आणि रिम सरळ करून घ्यायच्या ऐवजी लोक आत ट्यूब कोंबून मोकळे होतात. डाव्या बाजूने कडेवर बोट फिरव, दबलेली जागा हाताला लागेल.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा शिरला की जाड रबर त्याला चहूबाजूंनी आवळून धरतं, म्हणून हवा हळूहळू जाते. आत जेल असेल तर पळणारी हवाच त्या लगद्याला भोकाकडे ढकलते. त्यातले बारीक तंतू आणि रबराचे कण भोकात अडकतात, एकमेकांत गुंततात आणि बूच बसतं. बाकीचं बरंचसं पाणी आणि ग्लायकॉल असतं. ते तंतूंना तरंगत ठेवतं, लगदा लवकर वाळू देत नाही. चाक फिरताना हे सगळं टायरच्या पट्ट्याला आतून लेपल्यासारखं पसरतं, म्हणून खिळा लागेल तिथे जेल आधीच हजर असतं.

ट्यूबचं तसं नाही. ती पातळ, ताणलेली. टायरमध्ये घट्ट रुतलेला खिळा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तिला आतून ओरबाडत राहतो. भोकाची चीर होते, आणि चीर भरणं जेलच्या आवाक्यातलं नाही. ट्यूबमधून सुटलेली हवा रिम आणि नळीच्या फटीतून एका दमात बाहेर पडते. पुढचं चाक असं बसलं तर हँडल ताब्यात राहत नाही. ट्यूबमध्ये द्रव अजिबात चालत नाही असं मात्र म्हणू नये. होंडाच्या सुरुवातीच्या अ‍ॅक्टिव्हाला टफ-अप ट्यूब यायची, दुहेरी थराची, आत द्रव भरलेली. पण ती त्याच कामासाठी बनवलेली होती. बाजारातल्या साध्या ट्यूबमध्ये बाटली रिकामी करणं ही वेगळी गोष्ट.

आता तुझ्या रस्त्यांचं. ठिबकच्या सर्व्हिसिंगला तू कधी फैजपूर-सावद्याच्या केळीत, तर कधी बोदवडच्या कोरडवाहूत. केळीच्या बागेत टायरला काही लागत नाही, पण बागेपर्यंतची गाडवाट पाटाच्या कडेच्या वेड्या बाभळीखालून जाते. तिचा वाळलेला काटा टायरमध्ये शिरतो, टोक आत मोडतं आणि दोन दिवसांनी हवा उतरते. बोदवडकडे पऱ्हाटी आणि तूर काढल्यावर तिरपे छाटलेले खुंट उभे असतात, त्यांवरून गाडी घालायचीच नाही. पाचशे पावलं चालावं लागलं तरी चालावं. त्या खुंटाने टायरची बाजू फाटली तर जगातलं कुठलंच जेल तुला घरी आणणार नाही, कारण ती बाजू चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला मुडपते आणि बसलेलं बूच निखळतं. चांगल्या बाटलीवरसुद्धा सहसा 6 मिलीमीटरपर्यंतच्याच भोकाचं वचन असतं, आणि तेही फक्त रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यातल्या.

आणि आपला हायवे. तरसोद-चिखली चौपदरी झाल्यापासून खड्डे कमी झाले, पण कडेच्या पट्ट्यात फुटलेल्या ट्रक टायरच्या चिंध्या पडलेल्या असतात. राखेचे बल्कर, केळीचे ट्रक, नागपूर-सुरतचा सगळा माल याच रस्त्याने जातो. त्या चिंध्यांमधून पोलादाच्या केसाएवढ्या तारा सुटतात. तुझ्यासारखे दुचाकीवाले कडेनेच चालतात, म्हणून त्या नेमक्या तुमच्याच टायरला लागतात. अशी तार डोळ्याला दिसत नाही. आमच्या फाट्यावरचा चाचा टायर उघडून आतून कापसाचा बोळा फिरवतो. बोळ्याचा एक धागा कुठेतरी अडकतो, तिथे तो चिमटा लावतो. कधी उभा राहून बघ, बघण्यासारखं आहे. तो काम करताना बोलत नाही, आपणही बोलू नये.

तारेच्या अन् काट्याच्या असल्या भोकांसाठी जेलला तोड नाही. रात्री नऊला रावेरहून येताना, वस्ती दूर, पंक्चरचं दुकान बंद, अशा वेळी ते तुला घरी आणेल. एवढ्यासाठी पैसे घालायला माझी ना नाही.

पण पुढचं नीट वाच. इथल्या वीज प्लँटमध्ये माझी उभी नोकरी मेंटेनन्सला गेली. वाफेच्या लाइनच्या फ्लँजमधून गळती लागली तर प्रत्येक वेळी संच बंद करता येत नाही. पाचशे मेगावॉटचा संच बंद करून पुन्हा चढवायचा म्हणजे केवढा खटाटोप, ते तुला सांगायला नको. अशा वेळी चालत्या लाइनवरच फ्लँजभोवती क्लँप बसवतात आणि त्यात दाबाने सीलंट भरतात. गळती थांबते, संच चालू राहतो. पण त्याच पाळीत ते लॉगबुकात चढतं: अमुक फ्लँज, अमुक तारीख, सील केलं, शटडाऊनला गॅस्केट बदलणे. पुढच्या ओव्हरहॉलला तो फ्लँज पहिला उघडायचा. गळती थांबलीय म्हणून कुणी ती नोंद खोडत नाही. नवीन पोरं विचारायची, बरं चाललंय तर उघडायचं कशाला? त्यांना मी फक्त क्लँपकडे बोट दाखवायचो. तो क्लँप मूळ पाइपचा भाग नव्हे, हे ज्याला दिसलं त्याला पुढचं समजवावं लागत नसे.

टायरमधल्या जेलकडे मी तसाच बघतो. त्याची खरी अडचण ही की ते चांगलं काम करतं. खिळा आत, हवा बाहेर येत नाही, तुला पत्ताच नाही. खिळा आत पडून राहतो, टायरच्या धाग्यांत पाणी मुरतं आणि एखाद्या दिवशी 70 च्या वेगात बूच सुटतं. म्हणून दर आठवड्याला गाडी मधल्या स्टँडवर घे आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरव. टायरवर जेलच्या रंगाचा, हिरवा किंवा निळसर, ओला ठिपका दिसला तर तिथे भोक आहे. मोबाइलमध्ये तारीख टाक, फोटो काढ आणि त्याच आठवड्यात चाचाकडे जा. टायर उघडून आतून मशरूम पॅच लावून घे. बाहेरून टोच्याने दोरी भरणं जलद होतं, पण आत काय झालंय ते दिसत नाही.

दुकानात गाडी लावतानाच सांग, "चाचा, आत जेल आहे." न सांगता टायर उघडलं तर ते त्याच्या अंगावर उडतं. शिवाय जेलने ओल्या रबरावर पॅच चिकटत नाही. आधी पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, मग घासायचं. याला वेळ लागतो, त्याचे चार पैसे जास्त मागितले तर घासाघीस करू नकोस.

बाटली दोन तऱ्हेची मिळते, ती ओळख. एक आधीच भरून ठेवायची, ग्लायकॉल आणि तंतूंची. दुसरी पंक्चर झाल्यावर मारायची, बहुधा लॅटेक्सची. ती थोड्याच काळापुरती, नंतर आत साचून घट्ट होते. दाबाच्या डब्यात येणारा फोमसुद्धा याच दुसऱ्या जातीचा. अशा काही डब्यांत पेटणारा वायू असतो. तो मारलेल्या चाकाजवळ वेल्डिंग किंवा आच नको. आणि आपल्या भागात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तो डबा ठेवणं म्हणजे संकटाला आवतण. जेलची बाटलीही घरात उंचावर ठेव. काहींत वापरलेलं ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोडसर असतं. तुझी भाची सगळं तोंडात घालते.

भरताना लेबल वाच. टायरच्या मापाप्रमाणे किती मिली ते छापलेलं असतं. जास्त टाकलं म्हणून जास्त टिकत नाही, उलट चाकाचा तोल जातो. बाटली नीट हलव, कारण तंतू तळाला बसतात. नळीतली पिन काढ, जेल आत सोड, पिन बसव, हवा भर आणि लगेच चार-पाच किलोमीटर चालव म्हणजे ते सगळीकडे पसरेल. पुढे हवा तपासताना नळी चाकाच्या वरच्या बाजूला आण आणि दोन मिनिटं थांब. खाली असली तर जेल गेजमध्ये शिरून त्याचं वाटोळं होतं. गाडी रात्रभर उभी राहिली की जेल तळाशी जमतं, म्हणून सकाळी सुरुवातीला चाक किंचित थरथरेल. ते थोड्या वेळात जातं. गेलं नाही तर काहीतरी वाळून गोळा झालंय, टायर उघडायला लाव. बरेच उत्पादक साधारण दोन वर्षांची मुदत सांगतात. मी आपल्या उन्हात त्याआधीच उघडून पाहीन.

हवा सकाळी, गाडी न चालवता मोजायची. टायर 10 अंशांनी तापलं तर 30 च्या हवेचा आकडा दीडएक पाउंडाने वाढतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. भर दुपारी पंपावरचा पोरगा जास्त झालीय म्हणून हवा सोडायला लागला तर त्याला थांबव. हवा किती हवी ते तुझ्या गाडीच्या चेनकव्हरवरच्या पट्टीवर आहे. मागे कुणी बसणार असेल तर आकडा वेगळा.

2020 साली सरकारने मोटार वाहन नियम बदलले, ते वाचलं होतंस का? साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर आणि सीलंटचं दुरुस्ती किट असेल तर स्टेपनीची सक्ती उरली नाही. पण सोबत टायरचा दाब दाखवणारी यंत्रणाही हवी, अशी अट घातली. मला ती अट फार आवडली. तुझ्या गाडीला तशी यंत्रणा नाही, तेव्हा एक साधा गेज घे आणि टूलकिटमध्ये टाक. जेल त्यानंतर घेतलंस तरी चालेल.

पुढच्या टायरवर नीट पाहिलंस तर एका लंबगोलात 1419 असे चार आकडे आहेत. म्हणजे 2019 सालच्या चौदाव्या आठवड्यातलं टायर. बाजूला बारीक भेगा पडल्यात. नक्षीची खोली दुचाकीला नियमाने किमान 0.8 मिलीमीटर लागते. तुझी तेवढी असेल-नसेल, पण भेगा पाहून मी ते बदलीनच. मागचं 2822 आहे, ते चांगलं आहे. क्रम असा: आधी पुढची रिम सरळ करून घेणं, मग नवं टायर ट्यूब न घालता, मग आठवडाभर हवा टिकते का बघणं. टिकली तर त्यातही जेल टाक, मी अडवणार नाही.

पुढच्या शनिवारी तुला सुट्टी आहे असं ताई म्हणत होती. ऊन चढायच्या आत ये, सातपर्यंत. रिमवाल्याला मी सांगून ठेवतो. मृग लागायच्या आत हे उरकायला हवं, नंतर त्याच्याकडे रांग लागते. बाटली घेतलीच असशील तर सील न फोडता आण.

ताईला नमस्कार. छकुलीला पापा.

तुझा,
मामा