दप्तर आणि पडदा

शहापूर तालुक्यातील एका गावी, जेथून माहुलीचे सुळके स्पष्ट दिसतात आणि जेथे वैशाखात टँकरची वाट पाहण्यात निम्मा दिवस सरतो, तेथे घराच्या ओटीवर निवृत्त तलाठी असलेले काका मोबाइल हाती घेऊन बसले होते. शेजारी त्यांची शिक्षिका पुतणी होती.

काका : तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे आपल्याच तालुक्यात, त्यांचे पाणी मुंबईस जाते आणि आपली विहीर मात्र शिमग्यालाच तळ दाखवते. आयुष्यभर सातबारे लिहूनही जमिनीच्या पोटातील या पाण्याचा उलगडा मला झाला नाही, म्हणून ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर भूजलाच्या अभ्यासक्रमात विनाशुल्क नाव नोंदवले. इंग्रजी व्याख्यान थांबवून थांबवून ऐकेन. परंतु आत शिरल्यावर कोठे जावे, तेच कळेना.

पुतणी : काका, अनुक्रमणिका न पाहता दप्तर सोडले तर दुसरे काय होणार? वरच्या तीन आडव्या रेघांवर बोट ठेवा. ही उभी पट्टी उघडली, तिच्यात पहिला आठवडा, दुसरा आठवडा असे खण आहेत. खण उघडला की त्यातील व्याख्याने क्रमाने दिसतात आणि तळाशी स्वाध्याय.

काका : म्हणजे आठवडा हा गट नंबर आणि व्याख्याने हे त्याचे पोटहिस्से! पण स्वाध्यायात उत्तर चुकले, तर खाडाखोड चालते का? आमच्याकडे खोडलेल्या प्रत्येक अक्षराचा जाब द्यावा लागे.

पुतणी : येथे मुदतीपर्यंत कितीही वेळा उत्तरे बदलावीत, शेवटची ग्राह्य धरतात. मात्र नुसती खूण केल्याने काही होत नाही. खाली ‘सादर करा’ या अर्थाचे बटण आहे, ते दाबल्याखेरीज उत्तरे दाखल होत नाहीत.

काका : फेरफार लिहिला, पण मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केला नाही, तशातली गत.

पुतणी : तीच! आणि परीक्षेची नोंदणी हे तर निराळेच प्रकरण. तिचे शुल्क भरून केंद्रावर जावे लागते. तुमच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ स्वाध्यायांचे 25 आणि परीक्षेचे 75 गुण. त्यांपैकी अनुक्रमे किमान 10 आणि 30 मिळाले, तरच प्रमाणपत्र.

काका : या वयात प्रमाणपत्र कोणत्या कचेरीत दाखल करू? मला विहीर समजून घ्यायची आहे.

पुतणी : मग मुदती, गुण, नोंदणी हे सारे प्रमाणपत्राचे सोपस्कार आहेत, ते बाजूला ठेवले की व्याख्याने तेवढी उरतात, आणि त्यांची वाट सरळ आहे.

काकांनी पहिले व्याख्यान लावले. सातव्या मिनिटाला चित्र गोठले आणि मधोमध एक वर्तुळ फिरू लागले. पुतणी मोबाइल घेऊन अंगणात रेंज शोधीत गेली. परत येऊन पाहते तो काकांनी जुन्या वहीत रकाने आखले होते आणि पहिली नोंदही झाली होती : आठवडा 1, व्याख्यान 1, मिनिट 7, पुढे चालू.