मैत्रीच्या हाकेची घाई नको गं

अगं, तू स्पॅनिश शिकतेस आणि आता तिकडे जायचे वेध लागलेत, हे ऐकून फार बरं वाटलं. व्हिसा, घरभाडं, थंडीचे कपडे यांबद्दल सांगणारे तुला पुष्कळ भेटतील. मला बोलायचंय ते तिथे मित्रमैत्रिणींना ज्या नावांनी हाका मारतात, त्यांच्याबद्दल. परक्या गावात सुरुवातीचे आठवडे एकटेपण फार खातं. तेव्हा वाटतं, चार शब्द त्यांच्यासारखे बोलावेत, म्हणजे पटकन आपल्यात घेतील. या घाईतच मुली अडखळतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

क्लासमध्ये तुला 'आमिगो' आणि 'आमिगा' शिकवलं असेल. ते पक्कं धरून ठेव, ते सगळीकडे चालतं. पण स्पॅनिशमध्ये कारभार चालणारे 20 देश आहेत आणि जिवलगाला हाक मारायची प्रत्येकाची रीत वेगळी. एका देशातला लाडाचा शब्द दुसऱ्या देशात नुसता विचित्र वाटतो, तर तिसऱ्या देशात चक्क शिवी ठरतो.

माद्रिदला गेलीस तर तुझ्या वयाच्या मुली एकमेकींना 'तीआ' म्हणताना ऐकशील. तीआ म्हणजे खरं तर मावशी, आत्या, काकू. मुलगा असेल तर 'तीओ'. दर दोन वाक्यांनी हा शब्द येतो, त्यामुळे तो तुझ्याही तोंडात बसेल. बसू दे. पण तिथून मेक्सिकोला गेलीस, तर मात्र तो आवर. तिथे तीआ ही नात्यातलीच तीआ, मैत्रिणीला कुणी तसं म्हणत नाही.

मेक्सिकोत तुझ्या कानावर सतत पडेल 'वेय'. मूळ शब्द 'बुएय', म्हणजे बैल. आपल्याकडे मठ्ठ माणसाला बैल म्हणतात ना, तशीच याचीही सुरुवात झाली. आता मुलगे-मुली सगळेच एकमेकांना वेय म्हणतात, त्यात राग नसतो. याहून जवळचा शब्द 'कार्नाल', रक्तामांसाचा, म्हणजे सख्ख्या भावासारखा. आणि एक फार गोड शब्द आहे 'क्वाते'. तो आस्तेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतून आला. मेक्सिकोत आजही जुळ्यांना क्वातेस म्हणतात आणि जिवलग मित्रालाही क्वाते. पाचशे वर्षांपूर्वी स्पॅनिश तिथे आली, तरी मित्राला हाक मारायला लोकांनी जुन्या भाषेतला शब्द जपून ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पेरू आणि चिलीत पक्क्या दोस्ताला 'युन्ता' म्हणतात, म्हणजे एका जोखडाला जुंपलेली बैलजोडी. हा शब्द तुला समजावून सांगायला नकोच. पेरूतच 'पाता' आणि 'काउसा' हेही ऐकशील. काउसा नावाचा बटाट्याचा एक पदार्थही तिथे आहे, तेव्हा हाक कोणाला आणि ऑर्डर कशाची हे संदर्भावरून ओळख. इक्वाडोरमध्ये 'न्यान्यो' आणि 'न्यान्या' म्हणजे भाऊ-बहीण. हे शब्द केचुआ भाषेतून आले आणि तेच प्रेमाने मित्रमैत्रिणींनाही वापरतात.

आता जपून राहायच्या शब्दांकडे येऊ. अर्जेंटिनात 'बोलूदो' आणि मुलीला 'बोलूदा' म्हणतात. शब्द पुरुषाच्या अवयवावरून आलेला, मूळ अर्थ मूर्ख. दोन जिवलग मैत्रिणी दिवसातून पन्नास वेळा एकमेकींना बोलूदा म्हणतील, आणि रस्त्यात गाडी आडवी घालणाऱ्यालाही तोच शब्द ऐकवतील. फरक सगळा सुराचा आणि नात्याचा. 2013 साली पनामात स्पॅनिश भाषेचं मोठं संमेलन भरलं, तेव्हा एका स्पॅनिश वृत्तपत्राने लेखकांना आपापल्या देशाचा एक शब्द निवडायला सांगितलं होतं. अर्जेंटिनासाठी थोर कवी हुआन हेलमान यांनी हाच शब्द निवडला. म्हणजे तो उष्टा-खरकटा शब्द नाही, त्या लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे. पण तो त्यांचा आहे. तुझा व्हायला वेळ लागेल.

चिलीतला 'वेओन' याच जातीचा. तिथे तो वाक्यावाक्यात येतो, मित्राला आणि शत्रूलाही. हाच शब्द पूर्ण उच्चारात मेक्सिकोत वापरलास, तर समोरच्याला आळशी म्हटल्यासारखं होतं. पेरू आणि कोलंबियात तो सरळ अपमान वाटू शकतो. म्हणून माझं ऐक, शिवीतून आलेला शब्द आपण होऊन कुणाला वापरायचा नाही. कुणी तुला आधी म्हणेल, पुन्हा म्हणेल, तुमची भांडणं होऊन मिटतील, मग एक दिवस तो तुझ्या तोंडून आपसूक निघेल. तोवर अर्जेंटिनात तुझ्यासाठी 'चे' आहे. हा आपल्या 'अगं' आणि 'अरे'सारखा, लक्ष वेधायला आणि जवळीक दाखवायला. अर्जेंटिनाचा क्रांतिकारक अर्नेस्तो गेवारा हा शब्द सतत वापरायचा, म्हणून क्युबन साथीदारांनी त्याचं नावच 'चे' ठेवलं. पुढे क्युबाच्या राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष झाल्यावर नोटांवर त्याने सहीसुद्धा 'चे' अशीच केली.

अर्जेंटिनात गेलीस की 'माते'च्या घोळक्यात बस. येर्बा मातेची पानं घातलेलं एकच भांडं, एकच धातूची नळी, आणि ते हातोहात फिरतं. तुझी पाळी आली की पिऊन परत दे, पण 'ग्रासियास' म्हणू नकोस. तिथे त्याचा अर्थ 'मला आता पुरे' असा होतो आणि पुढच्या फेरीत भांडं तुझ्याकडे येत नाही. 20 जुलैला तिथे मित्रांचा दिवस साजरा होतो, 1969 मध्ये माणूस चंद्रावर उतरला त्याची ती तारीख. त्या संध्याकाळी कुणी बोलावलं, तर थकली असलीस तरी जा. अशा बोलावण्यांतून मैत्री जितकी वाढते, तितकी शब्द पाठ करून वाढत नाही.

कोलंबियात 'पार्से' म्हणतात, 'पार्सेरो'चं छोटं रूप. पोर्तुगीजमधला भागीदार या अर्थाचा शब्द तो. मेदेयीनच्या डोंगरउतारांवरच्या गरीब वस्त्यांत तो रुजला. एकेकाळी चांगल्या घरातली माणसं ही वस्तीची भाषा म्हणून नाक मुरडायची, आज विद्यापीठातली मुलंही सहज पार्से म्हणतात. तरीही प्राध्यापकांना किंवा घरमालकिणीला म्हणू नकोस.

तिथलीच आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवते, नाहीतर तुला उगाच वाईट वाटेल. स्पॅनिशमध्ये 'तू' म्हणजे आपलं 'तू'च, उच्चारही तोच, आणि 'उस्तेद' म्हणजे साधारण 'तुम्ही'. पण बोगोताच्या आसपास आणि कोस्टा रिकात जिवलग मित्रही एकमेकांना उस्तेद म्हणतात, आया लेकरांनाही म्हणतात. एखादी मैत्रीण तुला उस्तेद म्हणाली, तर ती दूर ठेवतेय असं समजू नकोस. कोस्टा रिकात तर 'माए', म्हणजे तिथली दोस्ताला मारायची हाक, आणि 'उस्तेद' एकाच वाक्यात येतात.

व्हेनेझुएला, प्वेर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक इकडे 'पाना' हा सोपा, निर्धोक शब्द आहे, मुलामुलींना दोघांनाही चालतो. क्युबात 'असेरे' म्हणतात. आजच्या नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेकडून गुलाम करून आणलेल्या माणसांनी 1836 साली हवानाजवळच्या रेग्ला गावी 'अबाकुआ' नावाचा बंधुसंघ उभा केला, त्यांच्या भाषेतून हा शब्द आला. माणसं साखळदंडात आली, पण एकमेकांना हाक मारायचा शब्द त्यांनी सोडला नाही. हा शब्द उच्चारताना एवढं लक्षात ठेव. तो बहुतेक पुरुषांच्या तोंडी असतो आणि तिथल्या काही वयस्कांना तो आजही असभ्य वाटतो.

आता मुलगी म्हणून दोन गोष्टी. कॅरिबियन भागात भाजीवाली, बसचालक, दुकानदार सगळेच 'मी आमोर' म्हणतील, म्हणजे 'माझं प्रेम'. मेक्सिकोच्या बाजारात तुला 'ग्वेरिता', म्हणजे गोरी, म्हणून बोलावतील, तुझा रंग काहीही असो. ही गिऱ्हाइकाला मारलेली हाक आहे. घाबरू नकोस आणि हुरळूनही जाऊ नकोस, हसून भाव विचार. पण एखादा पुरुष एकटं गाठून, आवाज खाली आणून तेच म्हणू लागला आणि तुला नको वाटलं, तर भाषेची सवय आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. तिथून निघायचं.

आणि 'आमिगोविओ' हा शब्दही ठाऊक असू दे, मित्र आणि प्रियकर यांच्या मधला. स्पॅनिश अकादमीने 2014 च्या कोशात तो घेतला. कुणी तुमच्या नात्याला हे नाव दिलं, तर तुला तेच हवंय का, हे आधी स्वतःला विचार. नको असेल तर स्पष्ट सांग. त्याने जाणारी मैत्री जाऊ दे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला 'कोमाद्रे' आहे. बाळाचा बाप्तिस्मा झाला की आई आणि धर्ममाता एकमेकींच्या कोमाद्रे होतात, पुरुष कोंपाद्रे. लेकराच्या आजारपणापासून लग्नापर्यंत सोबत राहायचं, असा तो शब्द. मेक्सिकोत बायका बाप्तिस्म्याशिवायही सख्ख्या मैत्रिणीला कोमाद्रे म्हणतात, पण त्यामागचा भार तोच राहतो. अशी एक जरी मिळाली, तर तुझं परदेशातलं घर उभं राहिलं समज.

शब्द कोण कोणाला म्हणतंय हे आधी ऐक. मुलींच्या तोंडी आहे का, मोठ्यांसमोर बोलतात का, ऑफिसात चालतो का, एवढं बघ. गाण्यांतून आणि मालिकांतून उचललेला शब्द लगेच वापरू नकोस, बरोबरीच्या एखादीला सरळ विचार, 'हे मी म्हटलं तर चालेल का?' हा प्रश्न विचारायला लाजू नकोस. आपल्या बोलीबद्दल कुणी मनापासून विचारलं की माणसं खुलतात, आणि कित्येकदा ओळखीची मैत्री तिथेच होते. तोवर 'आमिगा' म्हण, नावाने हाक मार, आणि त्यांना तुझं नाव नीट म्हणायला शिकव. ते चुकले तर पुन्हा शिकव. तू त्यांचे शब्द मनापासून शिकतेस ना, मग त्यांनीही तुझं नाव नीट घ्यावं, एवढा तुझा हक्क आहे.