मराठ्यांचें आरमार व त्याचा जमाखर्च

लढाऊ जहाज म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें उंच डोलकाठ्या व तोफांच्या रांगा उभ्या राहतात. परंतु जहाज जितकें मोठें तितकें राज्य समुद्रावर बळकट, असा नियम नाहीं. किनाऱ्याची ठेवण व राज्याची ऐपत हीं दोन्ही पाहूनच नौका बांधाव्या लागतात. मराठ्यांच्या आरमारांत हा विचार स्पष्ट दिसतो.

कोंकणचा किनारा खाड्यांनीं व उथळ बंदरांनीं भरलेला आहे. तेथें खोल बुडाच्या जहाजाचा रिघाव होत नाहीं. म्हणून मराठ्यांच्या आरमाराची भिस्त मुख्यतः दोन प्रकारच्या नौकांवर असे. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची व उथळ बुडाची. तिच्या नाळीवरून समोर तोफा डागतां येत. गलबत तिच्याहून लहान; मोठ्या गलबतास चाळीस-पन्नास वल्हीं असत. वारा पडला म्हणजे मोठें जहाज जागींच खिळून राही. गलबत मात्र वल्ह्यांच्या जोरावर चाले व प्रसंगीं गुराबेसही ओढून नेई. इ. स. १६७९ मध्यें शिवाजी महाराजांनीं खांदेरी बेटावर तटबंदीचें काम सुरू केलें, तेव्हां मुंबईच्या इंग्रजांनीं जहाजें पाठवून बेटाची वाट अडविली. परंतु मराठ्यांच्या लहान नौका त्यांना चुकवून बेटावर रसद पोंचवीत राहिल्या. १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं माघार घेतली व बेट मराठ्यांकडेच राहिलें.

नौका लहान असल्या तरी फुकट होत नाहींत. लांकूड, लोखंड, दोरखंड, शिडें, दारूगोळा, खलाशांचा पगार आणि दरसालची डागडुजी, हा सर्व पैसा आणावा कोठून? ह्या प्रश्नाचें उत्तर रामचंद्रपंत अमात्यांनीं इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रांत सांपडतें. पांच गुराबा व पंधरा गलबतें यांचा एक सुभा करावा, आणि त्याच्या खर्चास मुलखाचा ठराविक वसूल नेमून द्यावा. बंदराच्या उत्पन्नावर तो टाकूं नये, असें त्यांचें सांगणें आहे. कारण उघड आहे. आरमाराचें पोट बंदरावर भरूं लागलें, म्हणजे अंमलदार सावकारांस पिडणार. सावकार गेले कीं बंदर ओस. आणि बंदर ओस पडल्यावर आरमार राखावयाचें तरी कशासाठीं?

लांकडाविषयींही तशीच काळजी. सागवान सरकारच्या परवानगीनें रानांतून तोडावें. कमी पडेल तें परमुलखांतून विकत आणावें. आंबा-फणसाचें लांकूडही नौकांच्या उपयोगाचें. परंतु त्या झाडांना हात लावूं नये, कारण तीं रयतेनें वर्षानुवर्षें खपून वाढविलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण झालें असेल, तर धन्यास राजी करून, त्याचें मोल देऊनच तें न्यावें.

शेतकऱ्याच्या दारचा आंबा जबरीनें तोडला, तर सरकारी वहींत लांकूड फुकट मिळाल्याचें दिसेल. परंतु रयतेचें मन गमावलें, ही रक्कम कोणत्याच वहींत मांडली जात नाहीं. आमच्या विद्यार्थिबंधूंनीं व भगिनींनीं पुढें घरचा किंवा सरकारचा जमाखर्च हातीं घेतला, म्हणजे ह्या न लिहिलेल्या रकमेची आठवण ठेवावी.